नुसती बरगडी

पडून आलेल्या वृद्ध रुग्णाच्या नातेवाइकांना मी जेव्हा सांगतो, की यांची बरगडी मोडली आहे, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर बहुधा सुटकेचा भाव उमटतो. खुब्याचे हाड मोडले असते तर शस्त्रक्रिया करावी लागली असती, मनगटाचे मोडले असते तर प्लास्टर. बरगडीला यांपैकी काहीच नाही. ‘नुसती बरगडी ना, डॉक्टर?’ हा प्रश्न गेल्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत मी इतक्या वेळा ऐकला आहे, की तो येण्यापूर्वीच मला त्याची चाहूल लागते. रुग्ण तरुण असेल, मार हलका असेल आणि तपासणीत दुसरे काही आढळले नसेल, तर मी मान हलवून होकार देतो. वय पासष्टच्या पुढे असेल, तर मात्र नातेवाइकांना समोर बसवून घेतो. त्या वेळी मी जे सांगतो, तेच आज वाचकांपुढे थोड्या विस्ताराने मांडत आहे.

माझा दवाखाना कोकणातील एका तालुक्याच्या गावी आहे. येथे बरगड्या मोडण्यालाही ऋतू आहेत. पावसाळा लागला, की शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या, विहिरीकडची वाट आणि मागीलदारचा धुण्याचा दगड. चैत्र-वैशाखात आंब्याची झाडे. आणि बारा महिने न्हाणीघरातील ओली लादी व रात्रीच्या अंधारात पलंगापासून संडासापर्यंतची चार पावले. शहरातील वाचकांनी या यादीत इमारतीचा जिना, रिक्षाला बसलेला दणका किंवा बसचा अचानक लागलेला ब्रेक घालावा. माणूस कुशीवर पडतो, बादलीची कड, पायरीची धार किंवा पलंगाचा कठडा छातीत बसतो आणि क्षणभर श्वास अडकतो. पुढे जे घडते ते सर्वत्र सारखेच असते.

बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. वरच्या सात जोड्या आपापल्या कूर्चेने छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या असतात, पुढच्या तीन जोड्या वरच्या कूर्चेचा आधार घेतात आणि शेवटच्या दोन पुढच्या बाजूने मोकळ्या राहतात. या रचनेला आपण छातीचा पिंजरा म्हणतो. नाव चुकीचे नाही, पण अपुरे आहे. पिंजरा स्थिर असतो. छाती मात्र लोहाराच्या भात्याप्रमाणे अखंड हलत असते. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो, म्हणजे दिवसाकाठी वीस हजारांच्या आसपास. मोडलेला हात आपण झोळीत अडकवून ठेवू शकतो, मोडलेला पाय उशीवर ठेवू शकतो. बरगडीला अशी रजा नाही. प्रत्येक श्वासाबरोबर तिची मोडलेली टोके थोडी सरकतात आणि प्रत्येक श्वास दुखतो.

दुखू लागले, की शरीर आपोआप त्यावर तोड काढते. श्वास उथळ होतो. माणूस छातीच्या वरच्या भागानेच श्वास घेऊ लागतो आणि फुप्फुसाचा तळ नीट उघडेनासा होतो. खोकल्याची उबळ आली, तर तो ती दाबतो, कारण खोकणे हे या दुखापतीतील सर्वांत मोठे दुखणे. फुप्फुसात रोज तयार होणारा कफ एरवी आपल्या नकळत वर येऊन निघून जातो. तो आता खालीच साचू लागतो. साचलेल्या कफात जंतू वाढतात आणि तीन-चार दिवसांत न्यूमोनियाची सुरुवात होऊ शकते. तरुण माणसाची छाती लवचीक असते, खोकला जोरकस असतो आणि फुप्फुसांत पुष्कळ शिल्लक क्षमता असते. सत्तरीनंतर या तिन्ही गोष्टी उणावतात. म्हणून तोच मार आणि तीच बरगडी नातवाच्या बाबतीत किरकोळ ठरते, तर आजीच्या बाबतीत गंभीर.

काही वर्षांपूर्वी गणेश चतुर्थीच्या तोंडावर पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका आजींना दवाखान्यात आणले गेले. सहा दिवसांपूर्वी त्या मागीलदारी घसरून धुण्याच्या दगडावर उजव्या कुशीवर आपटल्या होत्या. मुंबईहून मुलगा, सून, नातवंडे यायची होती. घर सारवायचे, माटवी बांधायची, करंज्यांची तयारी करायची, अशा वेळी आपल्या दुखण्याचे अवडंबर नको, असे त्यांनी ठरवले. उसण भरली असेल म्हणून शेक झाला, मुका मार म्हणून आंबेहळदीचा लेप झाला. तिसऱ्या दिवसापासून त्या पडून राहू लागल्या, जेवण घटले, बोलणे कमी झाले. घरातल्यांना वाटले, वय झाले, दमल्या असतील. सहाव्या दिवशी त्या सुनेला दिवंगत नणंदेच्या नावाने हाक मारू लागल्या, तेव्हा गाडी काढली गेली.

त्यांना ताप नव्हता. ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करतो, कारण वृद्धांच्या न्यूमोनियात ताप येतोच असे नाही. श्वास मात्र मिनिटाला ३४ वेळा चालला होता आणि बोटाला लावलेल्या यंत्रावर प्राणवायूचे प्रमाण ८४ टक्के होते. प्राणवायू लावून त्यांना तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले. तेथील तपासणीत उजव्या बाजूच्या चार बरगड्या मोडलेल्या आढळल्या आणि त्याखालचे फुप्फुस न्यूमोनियाने भरलेले होते. अतिदक्षता विभागात नऊ दिवस प्रयत्न झाले. आजी वाचल्या नाहीत.

दिवसकार्य आटोपल्यावर त्यांचा मुलगा माझ्याकडे आला आणि त्याने एकच प्रश्न विचारला: ‘डॉक्टर, बरगडी मोडून माणूस जातो का?’ मी त्याला सांगितले, की हाडाने त्या गेल्या नाहीत. दुखण्याने त्यांचा श्वास बांधून टाकला आणि बांधलेल्या श्वासाने त्या गेल्या. सहन करणे हा त्यांच्या पिढीच्या बायकांचा गुण मानला गेला. त्या सहा दिवसांत त्यांनी एकदाही हूं की चूं केले नाही, असे तो अभिमानाने आणि रडत रडत सांगत होता. मला मात्र वाटत होते, त्या पहिल्याच रात्री मोठ्याने कण्हल्या असत्या तर किती बरे झाले असते.

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील शल्यचिकित्सकांनी २००० साली बरगड्या मोडलेल्या ६५ वर्षे व त्यावरील २७७ रुग्णांची तुलना १८७ तरुण रुग्णांशी केली. वृद्धांमध्ये न्यूमोनिया ३१ टक्क्यांना झाला, तरुणांमध्ये १७ टक्क्यांना. मृत्यूचे प्रमाण वृद्धांत २२ टक्के होते, तर तरुणांत १० टक्के. वृद्धांमध्ये मोडलेल्या प्रत्येक अधिक बरगडीगणिक मृत्यूचा धोका सुमारे १९ टक्क्यांनी आणि न्यूमोनियाचा सुमारे २७ टक्क्यांनी वाढत गेला. हे रुग्ण मोठ्या आघात-केंद्रात दाखल झालेले होते, त्यामुळे घरात घसरून एक बरगडी मोडलेल्या प्रत्येकाला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण वय आणि मोडलेल्या बरगड्यांची संख्या या दोन गोष्टी धोका ठरवतात, हे त्यातून स्पष्ट दिसते.

आता बरगडीच्या आड काय आहे, ते पाहू. तिच्या लगेच आत फुप्फुस आहे. मोडलेले टोक फुप्फुसाला टोचले, तर हवा बाहेर पडून छातीच्या पोकळीत साठते आणि फुप्फुस आक्रसते. रक्तवाहिनी फाटली, तर तेथे रक्त साठते. कधी ही हवा त्वचेखाली पसरते. मग छातीवर बोट दाबले, की कुरमुऱ्यांच्या पिशवीवर दाबल्यासारखी चुरचुर जाणवते. अशी चुरचुर घरी जाणवली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. थेट फुप्फुसाला मार बसून ते आतून सुजू शकते आणि ही सूज पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी अधिक असू शकते. लागोपाठच्या तीन किंवा अधिक बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या, तर छातीचा तेवढा तुकडा सुटा होतो आणि श्वास घेताना बाकीची छाती वर येते तेव्हा तो आत जातो. ही तातडीची अवस्था आहे.

खालच्या बरगड्या छातीच्या असल्या, तरी त्यांच्या आड पोटाचे अवयव असतात. उजवीकडे यकृत, डावीकडे प्लीहा म्हणजे आपल्या बोलीतील पाणथरी, आणि मागच्या बाजूला मूत्रपिंडे. अडुसष्ट वर्षांचे एक बागायतदार आंब्याच्या झाडावरून माणूसभर उंचीवरून पडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः चालत दवाखान्यात आले. डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्या दुखत होत्या, हे ओघानेच आले. पण त्यांची तक्रार डाव्या खांद्याची अधिक होती आणि खांद्यावर मार लागल्याची कसलीही खूण नव्हती. हात लावून पाहिला तर गार, ओठ पांढरट. हृदयात स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू होती. नाडी मात्र ७६, कारण रक्तदाबासाठी ते नाडी संथ ठेवणारे औषधही घेत होते. असे औषध घेणाऱ्या माणसाच्या शरीरात रक्तस्राव होत असला, तरी नाडी अपेक्षेइतकी वाढत नाही, त्यामुळे नुसत्या नाडीवर विसंबता येत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून त्यांना शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवले. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसले. प्लीहा फाटली होती. पोटात साचलेले रक्त श्वासपटलाला डिवचते आणि त्याची वेदना खांद्यात उमटते, म्हणून खांदा दुखत होता. त्यांची शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या हंगामात ते पेटी घेऊन आले. झाडावर आता गडीच चढतो, असे त्यांनी न विचारता सांगितले.

प्लीहेचा रक्तस्राव कधी कधी काही दिवसांनीही सुरू होतो. म्हणून डाव्या खालच्या बरगड्यांना मार बसलेल्या माणसाला आठवड्याभरात चक्कर येऊ लागली, पोट दुखू किंवा फुगू लागले, अंगाला गार घाम सुटला, तर ‘त्या पडण्याला आता पाच दिवस झाले’ असे म्हणून दुर्लक्ष करू नये. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी तर पडल्याच्या दिवशीच डॉक्टरांना दाखवावे आणि कोणती गोळी सुरू आहे, ते आपणहून सांगावे. ती गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नये. पडताना डोके आपटले होते का, हेही आठवून सांगावे.

एक्स-रेविषयी एक गैरसमज सर्वत्र आहे. ‘एक्स-रे नॉर्मल आला, म्हणजे बरगडी मोडलेली नाही’ असे मानले जाते. बरगडीची बारीक चीर, विशेषतः ती सरकलेली नसेल, तर साध्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. कूर्चेची इजा तर दिसतच नाही. आम्ही छातीचा एक्स-रे काढतो तो मुख्यतः बरगडीमागच्या फुप्फुसासाठी: हवा साठली आहे का, रक्त साठले आहे का, न्यूमोनिया आहे का, हे पाहण्यासाठी. एका जागी बोट ठेवले असता नेमके तेथेच दुखत असेल, खोल श्वास घेताना व खोकताना कळ येत असेल, तर एक्स-रे काहीही म्हणो, बरगडी मोडली आहे असे समजूनच काळजी घ्यावी. उपचार तेच आहेत. मोठा मार, अनेक बरगड्या किंवा आतल्या इजेची शंका असेल, तर सीटी स्कॅन लागतो.

आता उपचारांकडे वळतो. बरगडीला प्लास्टर नाही हे खरे, पण त्याचा अर्थ उपचार नाहीत असा होत नाही. पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा उपचार म्हणजे वेदना शमवणे. आपल्याकडे वृद्ध माणसे वेदनाशामक गोळ्यांना घाबरतात. ‘किडनी खराब होईल’, ‘सवय लागेल’, ‘सहन होते आहे तोवर कशाला?’ या भीतीत काही तथ्य आहे. सांधेदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्या वृद्धांच्या मूत्रपिंडाला आणि जठराला त्रास देतात, रक्तदाब वाढवतात. त्या औषधाच्या दुकानातून स्वतः आणून घेऊ नयेतच. पॅरासिटामॉल मात्र योग्य मात्रेत बहुतेक वृद्धांना सुरक्षित असते. ते दुखले की एक अशा पद्धतीने न घेता, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घड्याळाच्या वेळेवर घ्यावे लागते. यकृताचा आजार असेल किंवा मद्यपान असेल, तर आधी सांगावे. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा जात नाही ना, हे पाहावे.

तेवढ्याने भागले नाही, तर अधिक प्रभावी औषधे आहेत. त्यांनी गुंगी, बद्धकोष्ठता आणि तोल जाण्याची शक्यता असते, म्हणून ती देखरेखीखाली द्यावी लागतात. मोठ्या रुग्णालयांत भूलतज्ज्ञ बरगड्यांच्या मज्जातंतूंना बधिर करणारे इंजेक्शन किंवा पाठीतून बारीक नळी घालून औषध देतात. निवडक रुग्णांत, विशेषतः छातीचा तुकडा सुटा झाला असेल तर, बरगड्यांना पट्ट्या बसवण्याची शस्त्रक्रियाही करतात. या सर्वांमागे उद्देश एकच असतो: माणसाला खोल श्वास घेता यावा आणि खोकता यावे. म्हणून मी रुग्णाला सांगतो, ही गोळी तुमच्या छातीच्या दुखण्यापेक्षा तुमच्या फुप्फुसासाठी आहे. तसे सांगितले, की सहनशील माणसेही ती घेतात.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. पूर्वी मोडलेल्या बरगडीभोवती चिकटपट्ट्या घट्ट गुंडाळण्याची पद्धत होती. ती वैद्यकाने सोडून दिली, पण औषधाच्या दुकानात छातीचा पट्टा अजून मिळतो आणि हौसेने विकत घेतला जातो. पट्टा बांधला की बरे वाटते, हे मी नाकारत नाही; छाती हलत नाही, म्हणून दुखत नाही. पण छाती न हलणे हाच तर मूळ धोका आहे. पट्टा आणला असेल, तर तो कपाटात राहू द्यावा. मालीशही टाळावे. अंगाखांद्यावरून पिढ्यान्‌पिढ्या तेल चोळत आलेल्या हातांविषयी मला आदर आहे, पण मोडलेल्या बरगडीवर दाब देणे म्हणजे तिचे टोक आत ढकलण्याला निमंत्रण. आंबेहळदीच्या लेपाने अपाय नाही. फक्त लेप लावला म्हणजे उपचार झाले, असे समजू नये.

तिसरी गोष्ट श्वासाच्या व्यायामाची. गोळी घेतल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, दुखणे कमी असताना, ताठ बसावे. नाकाने सावकाश खोल श्वास घ्यावा, दोन-तीन सेकंद रोखावा आणि हळूहळू सोडावा. जागेपणी दर तासाला असे दहा श्वास. त्यानंतर घडी केलेली चादर किंवा छोटी उशी दुखऱ्या जागेवर दोन्ही हातांनी धरावी आणि दोन-तीनदा जाणीवपूर्वक खोकावे. शिंक आली तरी हीच उशी कामी येते. रुग्णालयातून तीन चेंडूंचे प्लास्टिकचे यंत्र दिले जाते. ते घरोघरी पाहतो, तेव्हा निम्मी माणसे त्यात फुंकर मारताना दिसतात. ते यंत्र फुंकण्याचे नाही, नळीतून श्वास आत ओढण्याचे आहे. ओढल्यावर चेंडू वर जातात. तिन्ही चेंडू उडवण्याची चढाओढ नको, एक चेंडू वर टिकवून धरला तरी पुष्कळ. प्राणायाम करणाऱ्यांनी सावकाश दीर्घश्वसन जरूर करावे. कपालभातीचे झटके मात्र हाड जुळेपर्यंत नकोत.

चौथी गोष्ट हालचालीची. बरगडी मोडली म्हणून माणसाला पाठीवर झोपवून ठेवणे, हे न्यूमोनियाला घर मोकळे करून देण्यासारखे आहे. दिवसाचा अधिकाधिक वेळ बसून जावा, घरातल्या घरात दिवसातून चार-पाच वेळा फेरी व्हावी, रात्री पाठीला दोन-तीन उशांचा टेकू असावा. उठवताना काखेत हात घालून ओढू नये. त्याने बरगड्या ताणल्या जातात. कुशीवर वळवावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि रुग्णाला स्वतःच्या हाताने रेटा देऊन बसू द्यावे. आपण पाठीला आधार द्यावा. शौचाला जोर करावा लागू नये, म्हणून पाणी, भाज्या आणि गरजेप्रमाणे इसबगोल. विडी-सिगारेट पूर्ण बंद. तपकीर ओढणाऱ्या आजी-आजोबांनी निदान सहा आठवडे ती डबी दूर ठेवावी; एकेक शिंक काय किंमत मागते, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलेले असते.

या सर्व गोष्टी घरात नीट कशा होतात, याचे एक उदाहरण माझ्या मनात राहिले आहे. ऐंशी वर्षांचे एक निवृत्त शिक्षक जिन्यात पडून त्यांच्या दोन बरगड्या मोडल्या. त्यांच्या पत्नीने, ज्यांना सारे गाव बाई म्हणते, शंभर पानी वही आखली. वेळ, गोळी, दर तासाचे श्वास, खोकला, जेवण, आणि दिवसातून चार वेळा मिनिटाला किती श्वास चालतात याची नोंद. गुरुजी कंटाळून म्हणत, ‘अगं, मी काय शाळेतला मुलगा आहे?’ बाई म्हणत, ‘शाळेत तुम्ही हजेरी घेत होतात, आता मी घेते.’ पाचव्या दिवशी वहीत श्वासांचा आकडा अठरावरून सव्वीसवर गेलेला दिसला आणि त्या संध्याकाळीच त्यांनी गुरुजींना दाखवायला आणले. ताप नव्हता, गुरुजी व्यवस्थित बोलत होते. पण फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनियाची सुरुवात झाली होती. वेळेवर उपचार मिळाले आणि आठवड्यात ते सावरले. आजींच्या घरी आणि बाईंच्या घरी प्रेम सारखेच होते. बाईंच्या घरी नोंद होती, एवढाच फरक.

तेव्हा काळजीवाहकांनी पहिले दोन आठवडे लक्ष ठेवावे ते असे. स्वस्थ बसले असता मिनिटाला २४ पेक्षा अधिक श्वास, प्राणवायूचे प्रमाण ९४ टक्क्यांखाली (जुना दमा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी आपली पातळी डॉक्टरांकडून जाणून घ्यावी), बोलताना धाप, ताप किंवा हुडहुडी, पिवळा-हिरवा किंवा रक्तमिश्रित बेडका, जेवणावरची वासना उडणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गोंधळणे, असंबद्ध बोलणे किंवा नेहमीपेक्षा जास्त झोपून राहणे. यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी दाखवावे. पासष्टीपुढील माणसाच्या तीन किंवा अधिक बरगड्या मोडल्या असतील, तर त्रास फारसा वाटत नसला तरी सुरुवातीचे काही दिवस रुग्णालयात ठेवण्याचा सल्ला बहुधा दिला जातो. तो मानावा.

बरगडी जुळायला साधारण सहा आठवडे लागतात, वृद्धांत कधी अधिकही. दुखणे टप्प्याटप्प्याने उतरते. कूस बदलताना येणारी कळ सर्वांत शेवटी जाते. ती गेली, की पडण्याचा विषय घरात मिटतो. माझ्या मते तेथेच दोन प्रश्न विचारायला हवेत. पहिला, पडलातच का? उभे राहताना रक्तदाब उतरतो का, झोपेची गोळी सुरू आहे का, मोतीबिंदू पिकला आहे का, रात्रीच्या वाटेवर दिवा आहे का, न्हाणीघरात धरायला कठडा आहे का? दुसरा, एवढ्याशा माराने हाड मोडलेच कसे? उभ्याने पडून किंवा नुसत्या खोकल्याच्या जोराने बरगडी मोडली असेल, तर हाडे ठिसूळ झाल्याची ती सूचना असू शकते. क्वचित हाडात पसरलेल्या दुसऱ्या आजाराचीही. हाडांची घनता मोजता येते, ठिसूळपणावर औषधे आहेत आणि पुढचे मोडणारे हाड खुब्याचे असू नये, यासाठी ती घ्यायची असतात.

एक अवघड गोष्टही लिहायला हवी. कधी कधी पडल्याची हकीकत आणि अंगावरच्या खुणा जुळत नाहीत. जुने-नवे वळ शेजारी-शेजारी दिसतात, आणि उत्तर रुग्णाऐवजी दुसरेच कोणी देते. अशा वेळी मी नातेवाइकांना बाहेर बसायला सांगून रुग्णाशी एकट्याने बोलतो. वाचकांपैकी कोणाची बरगडी अशा रीतीने दुखावली असेल, तर आपल्या डॉक्टरांना सांगण्यात कमीपणा नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे.

घरातील वडीलधारे पडले, की आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘कुठे लागले?’ त्यांचे उत्तर ठरलेले असते, ‘काही नाही रे, जरासे.’ त्या उत्तरावर थांबू नये. त्यांच्याजवळ बसावे आणि म्हणावे, ‘एक खोल श्वास घेऊन दाखवा बघू, आणि एकदा खोका.’ श्वास अर्ध्यावर अडला, खोकताना हात कुशीकडे गेला, तर त्यांनी न सांगितलेले आपल्याला कळलेले असेल. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे न्यावे.